एक संत जास्त

"कडेनं धरायची, ओडील. दोन तळव्यांच्या मधे. पोटाला बोट लावायचं नाही, आणि हातात असताना धावायचं नाही."

युजीनला जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी घरातली कुठलीही गाण्याची तबकडी उचलताना ओडीलच्या कानात नवऱ्याचा हा आवाज यायचाच. एरवी युजीन पापपुण्याच्या बाबतीत सैल माणूस होता. चर्चमध्ये मिस्साला उशिरा यायचा आणि कबुलीजबाबाला त्याहून उशिरा. पण ज्याच्या तबकड्यांवर बोटांचे ठसे सापडतील त्याला स्वर्गाच्या दारात नक्की अडवतात, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

म्हणून त्या सोमवारी सकाळी, चुलीवर लाल घेवडा शिजत ठेवून, ओडीलने हात दोनदा धुतले, पुसले, कपाटातून ते तपकिरी पाकीट काढलं आणि तळव्यावर अलगद कलतं केलं.

काहीच बाहेर आलं नाही.

तिने पाकिटात डोकावून पाहिलं. मग शेजारच्या पाकिटांत पाहिलं, मग कपाटाखाली. मग खुर्चीवर बसून क्रूसाची खूण केली, उठून घेवडा ढवळला आणि तीच पळी भिंतीवर तीनदा आपटली. घर एकच, लांबुळकं. मधे भिंत घालून त्याची दोन बिऱ्हाडं केलेली. भिंतीपलीकडे तिचा धाकटा दीर आल्सीड मेतोये राहायचा. पळी वाजली की तो जेवायला यायचा. या वेळी मात्र दारात वहिनीचा चेहरा पाहून तो परत गेला आणि कोट घालून आला.

आल्सीडचा मूळ धंदा पंखेदुरुस्तीचा. पण त्याने छापून घेतलेल्या कार्डावर 'आल्सीड मेतोये, गुप्त चौकशा' असं ठळक होतं आणि पंख्यांचा उल्लेख खाली, बारीक अक्षरात.

"ईस्टरपर्यंतच्या उपासकाळात मी बढाई सोडली आहे, वहिनी," तो खुर्चीवर बसत म्हणाला. "तेव्हा आता जे सांगतो ते निव्वळ सत्य समजा. नदीच्या या काठावर माझ्या तोडीचा गुप्तहेर झालेला नाही. पलीकडच्या काठाची मी खात्री देत नाही, कारण तिकडे मी फारसा जात नाही. माझी नजर म्हणाल तर घारीची. कान हरणाचे. नाक तर असं की आज तुम्ही घेवड्यात तमालपत्र घातलंय हे मी भिंतीपलीकडून ओळखलं."

तमालपत्र ती दर सोमवारी घालायची. आल्सीडने आजवर सोडवलेलं सर्वांत मोठं प्रकरण म्हणजे मिसेस बातिस्त यांची हरवलेली मांजर. म्हणजे मांजर आपण होऊन परत आली, तेव्हा तो त्यांच्या पायरीवर बसलेला होता.

हरवलेली तबकडी साधी नव्हती. साठेक वर्षांपूर्वी एका फर्निचरच्या दुकानामागच्या खोलीत, गाद्या भिंतीला टेकवून, सेंट क्लॉड सेरेनेडर्स नावाच्या वाद्यवृंदाने ती मुद्रित केली होती. मोजक्याच प्रती निघाल्या. त्यांतल्या बहुतेक नातेवाईकांनी घेतल्या आणि उरलेल्या त्याच दुकानाने गाद्यांबरोबर फुकट वाटल्या. क्लॅरिनेट वाजवलं होतं नार्सिस ओबें यांनी. मागच्या बाजूला त्यांनी बायकोसाठी बांधलेला एक संथ वॉल्ट्झ होता. त्या दिवशी ट्रॉम्बोनवाला वेळेवर आला नाही, म्हणून वॉल्ट्झचा दुसरा भाग खुद्द बायकोने, फिलोमेनने, नुसता गुणगुणला होता. पुढे फिलोमेन गेली. मग पाण्याच्या वर्षी नार्सिस यांचं घर छपरापर्यंत बुडालं आणि त्यांची प्रत गेली. युजीनने आयुष्यभर शोधून दुसरी प्रत मिळवली ती एका जुन्या बाजारात, फुटक्या बशांच्या खोक्यात.

त्याने लगेच जाऊन सांगितलं, तेव्हा नार्सिस म्हणाले होते, "आत्ता नको, बाळा. ऐकली की संपली. राहू दे थोडी." युजीनने शब्द दिला की मागाल तेव्हा ऐकवीन. आणि जाताना तो शब्द त्याने ओडीलच्या ओटीत टाकला, कपाटाच्या किल्लीसकट.

काल मिस्सा झाल्यावर नार्सिस यांनी तिला पायरीवर थांबवलं. येत्या शनिवारी संत जोसेफचा सण. चर्चच्या दालनात जेवणाची पानं मांडली जायची, आणि तिथे ते वाजवणार होते. वय नव्वदीच्या पलीकडे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की श्वास आता जपून खर्च करा. "शनिवारी तो वॉल्ट्झ वाजवायचाय," ते म्हणाले. "पहिला भाग बोटांत आहे. दुसरा मी कधी वाजवलाच नाही, तो तिचा होता; आता नीट आठवतही नाही. आता ऐकव, बाळा."

उपासकाळात घरात संगीत लावायचं नाही असा ओडीलचा नेम होता. पण दुसऱ्याच्या घरी जाऊन लावलं तर नेम मोडतो का, हे तिने संत अँटनींना विचारून घेतलं होतं. उपासकाळात चर्चमधले पुतळे झाकून ठेवतात, त्यामुळे संत अँटनी जांभळ्या फडक्याखाली होते आणि काही बोलले नाहीत, त्याअर्थी हरकत नसावी.

"शेवटची कधी पाहिलीत?" आल्सीडने विचारलं.

कार्निव्हलच्या आदल्या दिवशी धूळ पुसताना, तिने सांगितलं. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे कार्निव्हलच्या दुसऱ्या दिवशी उपास सुरू झाला तेव्हापासून, कपाट बंद होतं.

"म्हणजे चोरी कार्निव्हलच्या दिवशी झाली," आल्सीडने डोळे बारीक केले. "त्या दिवशी मी असतो तर चोराची छाती झाली नसती. पण त्या दिवशी मी सांगाडा होतो."

ते सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. दर कार्निव्हलला पहाटे तो काळ्या कपड्यांवर पांढरी हाडं रंगवून, कागदाच्या लगद्याची कवटी चढवून इतर सांगाड्यांबरोबर दारं ठोठावत फिरायचा. दुपारनंतरचं त्याला कधी काही आठवायचं नाही. या खेपेला एवढंच आठवत होतं की आपण काहीतरी फार हुशारीचं केलं. काय केलं, ते मात्र नाही.

त्याने भिंग काढून कपाटाच्या फळीवर नाक टेकवलं आणि एकदम ताठ झाला. फळीच्या कोपऱ्यात जांभळे, हिरवे, पिवळे कण चिकटले होते. त्याने एक बोटावर घेऊन चाटला. "गोड आहे. म्हणजे फसवं विष."

"कार्निव्हलच्या दालचिनी केकवरची साखर आहे ती, आल्सीड."

"तसंच वाटावं अशी त्याची इच्छा होती," आल्सीड गंभीरपणे म्हणाला आणि सावधगिरी म्हणून पाणी प्यायला. मग घेवडा-भात दोनदा घेतला, कारण विषावर भरलेलं पोट बरं.

पहिला संशयित ठरायला वेळ लागला नाही. लाँड्री नावाचा एक निवृत्त विमा एजंट युजीनचा जन्माचा प्रतिस्पर्धी होता. युजीन ऐकण्यासाठी तबकड्या जमवायचा. दर रविवारी दोघं नवराबायको कुठल्या ना कुठल्या म्हाताऱ्या वादकाला ऐकायला जायची आणि घरी येऊन त्याच माणसाची तरुणपणची तबकडी लावायची. युजीन म्हणायचा, आधी झाड बघावं, मग त्याचं रोप. लाँड्रीचं तसं नव्हतं. तबकडी ऐकली की झिजते, म्हणून तो ऐकायचाच नाही.

दोघं त्याच्या घरी गेली, तेव्हा तो पुढच्या खोलीत, पडदे ओढून, हातात पांढरे मोजे घालून बसला होता. आल्सीडने एकदम आरोपच ठेवला. लाँड्रीचा चेहरा पडला. पण आरोपाने नव्हे. त्याला चोरीची बातमीच आता कळत होती, आणि अशी तबकडी आपल्याआधी दुसऱ्या कुणी लांबवली याचं त्याला मनापासून दुःख झालं.

"पाकीट?" त्याने क्षीण आवाजात विचारलं.

पाकीट घरीच आहे, ओडील म्हणाली.

"पाकीट मागे ठेवलं?" लाँड्री उठून उभा राहिला. "मिसेस मेतोये, हा माणूस चोर नाही, रानटी आहे. मी नेली असती तर पाकिटासकट नेली असती. तुमच्या फळीवरची धूळसुद्धा पुडीत बांधून नेली असती. मला असलं काही लावू नका, मला माझी अब्रू आहे."

बाहेर आल्यावर आल्सीड बराच वेळ मिशी ओढत चालत होता. "इतकं निर्दोष उत्तर फक्त दोषी माणूसच देऊ शकतो," तो शेवटी म्हणाला. पण आवाजात दम नव्हता, आणि पुढच्या वळणावर त्याने लाँड्रीला सोडून एका परदेशी टोळीवर संशय घेतला. बुधवारी टोळीच्या जागी नदीवरचा एक खलाशी आला. गुरुवारी सकाळी ती तबकडी मुळात अस्तित्वातच नव्हती आणि युजीनने सर्वांना रिकामं पाकीट दाखवलं होतं, असा विचार त्याने मांडला. ओडीलने हातातली पळी खाली ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याने तो विचार मागे घेतला.

रोज सकाळी मिस्साच्या आधी ती चर्चच्या बाजूच्या ओवरीत गुडघे टेकायची. तिथले सगळे संत झाकलेले होते, पण तिला जागेवरून ओळखू यायचे. संत जोसेफ, तिच्या नवऱ्याला तिकडे शांत ठेवा. संत अँटनी, हरवलेलं दाखवा. संत रीटा, संत मार्टिन. आणि शेवटी कोनाड्यातले ते नवे, बुटके, चौकोनी संत. त्यांचं नाव तिला माहीत नव्हतं आणि इतक्या वर्षांच्या भाविक बाईने ते विचारायचं म्हणजे लाज. म्हणून ती नुसतं "आणि आपणही" म्हणून हात जोडायची. या आठवड्यात ती त्यांच्यापुढे जरा जास्तच वेळ बसत होती, कारण बाकीच्यांना सांगून झालं होतं.

गुरुवारी दुपारी तिने ठरवलं की नार्सिस यांना खरं काय ते सांगून टाकावं. शनिवारी ऐनवेळी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. आल्सीड बरोबर आलाच.

नार्सिस आपल्या ओट्यावर खुर्ची टाकून वाजवत होते. फाटकाशी दोघं थांबली. वॉल्ट्झचा पहिला भाग म्हातारा असा वाजवत होता, जणू एखाद्या वयस्कर बाईला हात धरून पायऱ्या उतरवतोय. घाई नाही, पण एकही पायरी चुकायची नाही. मग सूर एका जागी आला आणि थांबला. नार्सिस यांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं आणि समोर बघत बसले. थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. पुन्हा तिथेच थांबले.

ओडीलने हळू आवाजात सगळं सांगितलं. ते डाव्या कानाने बहिरे होते आणि ती उजव्या बाजूला वाकून बोलली. ऐकून ते रागावले नाहीत. क्लॅरिनेट फडक्याने पुसत राहिले, जिथे पुसायचं काही उरलं नव्हतं तिथेही.

"पाण्याने नेली, मग कुणी माणसाने नेली," ते म्हणाले. "तिला घरात बसायची सवय नव्हतीच कधी. राहू दे. पहिलाच भाग वाजवीन, आणि खाली बसेन."

आल्सीडने मात्र खुर्ची ओढली आणि कार्निव्हलच्या दिवशी या ओट्यावरून तुम्हाला काही संशयास्पद दिसलं का, असं विचारलं.

"कार्निव्हलच्या दिवशी संशयास्पद नसलेलं एकच माणूस दिसलं, बाळा, तो पोस्टमन होता. नंतर कळलं, तोही पोस्टमन नव्हता." नार्सिस हसले. मग आठवून म्हणाले, "ऊन उतरताना एक सांगाडा गेला. छातीशी चौकोनी खोकं धरलेलं, तान्हं मूल धरावं तसं. एका पायाने फेंगडा. मी म्हटलं, ये बाळा, बस, दम खा. तर म्हणाला, मेलेल्याला दम नसतो. आणि गेला."

आल्सीडचे डोळे चमकले. फेंगडा पाय, म्हणजे खलाशीच. त्याने साक्षीदाराची परीक्षा घ्यायचं ठरवलं आणि घरी जाऊन आपला सांगाड्याचा पोशाख चढवून आला. तोवर नार्सिस यांनी ओडीलला कॉफी पाजली. भर दुपारी, उपासकाळात, रस्त्यावरून येणारा सांगाडा पाहून समोरच्या मिसेस बातिस्त यांनी खिडकी लावून घेतली.

"आता मी त्या गुन्हेगाराची चाल करून दाखवतो," कवटीच्या आतून आवाज आला. "कुठे फरक वाटला तर सांगा." आणि आल्सीड ओट्यापुढून चालत गेला. त्याच्या डाव्या पायाला भोवरी होती; गेली कित्येक वर्षं तो असाच चालत होता.

"हाच तो," नार्सिस म्हणाले.

"म्हणजे असाच होता ना?"

"असाच नाही. हाच. याच्या बरगड्या बघ, जास्त झाल्यात. त्या दिवशीही मला वाटलं होतं, एवढ्या बरगड्या देवाने कुणाला दिल्या."

आल्सीडने कवटी काढली. घामाने तो निथळत होता, पण चेहरा उजळलेला. "ऐकलंत, वहिनी? चोराने माझ्या बरगड्यांची हुबेहूब नक्कल केली आहे. म्हणजे त्याला आतली माहिती आहे. हा माणूस मला जवळून ओळखतो."

"फार जवळून," ओडील म्हणाली. तिने कॉफीचा पेला खाली ठेवला. नार्सिस तिच्याकडे बघत होते आणि ती त्यांच्याकडे. दोघांनीही चेहरे सरळ ठेवले, कारण आल्सीड मनाने वाईट नव्हता. "मिस्टर नार्सिस, तो सांगाडा गेला कुठल्या बाजूला?"

म्हाताऱ्याने हनुवटीने दाखवलं. चर्चच्या बाजूला.

शुक्रवारी सकाळी ती ओवरीत गुडघे टेकून बसली. संत जोसेफ. संत अँटनी. संत रीटा, संत मार्टिन. "आणि आपणही," म्हणता म्हणता तिने उपास सुरू झाल्यापासून पहिल्यांदा मान वर करून त्या कोनाड्याकडे नीट पाहिलं. फडकं जांभळंच होतं. पण बाकी संतांची फडकी साधी, सुती. यांच्या फडक्याला हिरवी-सोनेरी झालर होती. तशी झालर तिने स्वतःच्या हाताने, मागच्या वर्षी, आल्सीडच्या कार्निव्हलच्या जांभळ्या शेल्याला लावली होती.

फादर क्लेमाँ मेणबत्त्या बदलत होते. तिने खुणेने त्यांना बोलावलं आणि लाज गिळून विचारलं, "फादर, हे कोण?"

फादर खाली वाकले आणि कुजबुजले, "मी तुलाच विचारणार होतो. मला वाटलं, तूच आणून बसवलेस. रोज एवढ्या श्रद्धेने बसतेस, मग विचारायला बरं वाटेना." मग आणखी हळू म्हणाले, "मी दर शुक्रवारी यांना धूप दाखवतोय. मिसेस बातिस्तच्या गुडघ्याची सूजही यांच्यामुळेच उतरली, असं ती म्हणते."

मोठाच पेच होता. झाकलेल्या संतांचं फडकं ईस्टरच्या आधी काढायचं नाही, हा नियम ओडीलने जन्मात मोडला नव्हता. संत असतील तर हात लावणं पाप. संत नसतील तर एका म्हाताऱ्या माणसाचा शनिवार वाया घालवणं पाप. आणि आत कोण आहे ते फडकं काढल्याशिवाय कळणार नाही. तिने डोळे मिटले, पुढे झुकली आणि वास घेतला.

"फादर, संतांना दालचिनीचा वास येतो का?"

फादर क्लेमाँ विचारात पडले. ते पंधरा वर्षं पाद्री होते आणि हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "काहींना गुलाबाचा येतो असं वाचलंय," ते म्हणाले. "दालचिनीचा कुणालाच नाही."

ओडीलने क्रूसाची खूण केली, चूक झाली असेल तर क्षमा मागितली आणि झालर धरून फडकं काढलं. कार्निव्हलच्या केकचं खोकं होतं. तिने झाकण उघडलं. आत, रंगीत साखरेच्या भुग्यात, काळीभोर, धड, एकही ओरखडा नसलेली तबकडी होती. आणि तिच्या बरोबर मधोमध, दर कार्निव्हलच्या केकमध्ये लपवतात ते, प्लास्टिकचं इवलंसं बाळ हात वर करून पडलेलं.

"बाळ तुला सापडलं," फादर म्हणाले. "पुढचा केक तुझ्याकडे, रीतच आहे तशी."

तिने फुंकर घालून साखर उडवली. खोकं साखरेने खरखरीत झालं होतं, ते तिने फादरांच्या हाती दिलं. हात पदराला पुसावेत तसे झग्याला नीट पुसले आणि तबकडी दोन तळव्यांच्या मधे घेतली.

बाहेर पायरीवर आल्सीड उभा होता. त्याला प्रकरणाचा पूर्ण उलगडा झाला होता आणि तो तिलाच सांगायला आला होता. खलाशी, टोळी आणि लाँड्री हे तिघं एकच होते. आपण मागावर आहोत हे कळल्यावर ते घाबरले असणार, आणि येत्या चोवीस तासांत माल आपण होऊन परत करतील असं त्याचं भाकीत होतं. बोलता बोलता त्याची नजर तिच्या हातांकडे गेली.

"बघा," तो म्हणाला.

ओडील थांबली. सांगायचं तर सगळं सांगता आलं असतं. कार्निव्हलच्या संध्याकाळी लाँड्रीपासून जपायला म्हणून एका सांगाड्याने ही तबकडी गावातल्या सर्वांत सुरक्षित जागी, संतांच्या रांगेत ठेवली होती. आणि खरोखरच तिला कुणी बोट लावलं नव्हतं.

"आल्सीड," ती म्हणाली, "त्या दिवशी तू काहीतरी फार हुशारीचं केलं होतंस."

"मला वाटलंच होतं," आल्सीड म्हणाला. उपासकाळ असल्यामुळे त्याने त्यावर आणखी काही जोडलं नाही, फक्त कोटाची कॉलर वर केली.

ती पायऱ्या उतरली. ऊन वर चढत होतं आणि उन्हाने तबकडी वाकते, म्हणून तिने रस्ता ओलांडून सावलीची बाजू धरली. पुढच्या वळणावरून क्लॅरिनेट ऐकू येऊ लागलं. पायऱ्या उतरवत आणलेला तोच सूर, त्याच जागी येऊन थांबला. तिची पावलं आपोआप झपाझप पडू लागली. मग तिला आठवलं, हातात असताना धावायचं नाही, आणि ती पुन्हा हळू चालू लागली.